कांदा चाळीची पश्चिम बाजू

नामपूरच्या बाजारात उभं राहून पश्चिमेला कितीही मान ताणली तरी डोंगरच दिसतात, समुद्र दिसत नाही. तरी मे महिन्यात अरबी समुद्राच्या पोटात काय ढवळतंय याची काळजी लताबाईला करावी लागते, आणि तिचा सगळा राग त्यावरच. "मी कधी समुद्र बघितला नाय. त्यानं माझ्या वाटेला का यावं?" असं ती भर चौकात विचारायची.

लताबाई कांदा काढणाऱ्या बायकांच्या टोळीची म्होरकी. यंदा मळेवाल्यानं मजुरीऐवजी कांदाच देऊ केला, तेव्हा बाकीच्या म्हणाल्या, लगेच विकून मोकळं होऊ. लताबाई भडकली. "दरवेळी घाई आपणच का करायची? कांदा साठवायचा हक्क काय मळेवाल्यांनीच घेतलाय?" तिनं सगळ्यांना गप्प केलं. घरामागं बांबू-पत्र्याची चाळ उभी केली आणि सगळ्या जणींचा कांदा एकत्र भरला. दर चढतील तोवर, दिवाळीपर्यंत हात लावायचा नाही, असा शब्द तिनं दिला. बायकांनी भरवसा ठेवला तो कांद्यावर नाही, त्या शब्दावर. चाळ बिघडली तर पुन्हा या गावात एकही मजूर बाई माल थांबवणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि नेमकी तेव्हाच बातमी आली. केरळच्या बाजूला समुद्र तापलाय, कमी दाबाचा पट्टा तयार झालाय. बघता बघता त्याचं वादळ झालं, त्याला नावही मिळालं.

"बारसं झालं," टोळीतली सकीना म्हणाली. "आता पोरगं दांडगं होणार."

झालंच. गरम पाण्यावर पोसत, किनारा धरून ते वर सरकत राहिलं. बायकांनी चाळीला चारी बाजूंनी ताडपत्री आवळली. वारा आला तेव्हा पत्रे रात्रभर करकरले, शेवग्याची फांदी मोडली, गावाची वीज गेली. चाळ मात्र जागची हलली नाही. लताबाई सकाळी अशी मिरवली, जणू वादळाला तिनंच हाकललं.

पण कांदा जिवंत असतो. त्याला हवा लागते. ताडपत्रीच्या आत उबारा धरला, कांद्याला घाम फुटला. लताबाईनं हात घातला तर ओलसर लागला, वास उग्र.

तेवढ्यात रवीचा फोन आला. तिचा मुलगा, शहरात गंगापूर रोडवर एका ऑफिसात कारकून. "आई, इकडं झाडं पडलीत, पण ते वादळ गुजरातला धडकलं. जमिनीवर गेलं की त्याचा जोर संपतो. विरतंय आता."

"मग सोडते ताडपत्री," ती म्हणाली.

तिचा दीर झुंबर दोरी धरून उभा राहिला. "वहिनी, आजचा दिस राहू द्या. वादळ मोडलं म्हणून त्यातलं पाणी कुठं जाणार?"

"राहू देऊ, आणि आत लोणचं घालू का भाऊजी? कांद्याचा वास येतोय, तुमचं नाक कुठं गहाण टाकलंय?"

झुंबर बाजूला झाला. पण त्याचं बोलणं तिला टोचलं असावं, कारण तिनं सगळी चाळ उघडली नाही. मे महिन्यातला वळीव त्यांच्याकडं पूर्वेकडून येतो, लहानपणापासून ती तेच बघत आलेली. म्हणून पूर्वेची ताडपत्री तिनं आणखी आवळली आणि पश्चिमेची सोडून दिली. कुणालाही पटावी अशी गोष्ट. कांद्याला हवा, वर पावसापासून आडोसाही.

दुपारी आभाळ पश्चिमेकडून भरलं.

हा वळीव नव्हताच. मेलेल्या वादळाचं उरलंसुरलं पाणी होतं, समुद्राकडच्या वाऱ्यावर बसून आलेलं. ते तिरपं आलं आणि उघड्या बाजूनं थेट आत घुसलं. लताबाई आणि झुंबर ताडपत्री ओढायला धावले. दोरी भिजून हातातून निसटत होती, ताडपत्री फडाफड तोंडावर आपटत होती. लताबाईनं पावसाला शिव्या घातल्या, हवामानवाल्यांना घातल्या, रवीला घातल्या. पाऊस थांबला तेव्हा बांबूच्या फटींतून लालसर पाणी गळत होतं.

बायका कामावरून तशाच ओल्या अंगानं आल्या. लताबाईच सुरू झाली, "रवीनं सांगितलं संपलं, मग मी..."

"मावशी," चैताली म्हणाली. टोळीत ती सगळ्यात नवी. "रवीनं येऊन दोरी सोडली का?"

"तोंड सांभाळ!"

"माझा कांदा काढून द्या. मला नाय ठेवायचा."

"घे ना! पूर्वेचा कोरडा घे सगळ्यांनी. पश्चिमेचा ओला माझा. लताबाई कुणाचं ठेवत नाय!"

"तुमचं दान कोण मागतंय?" चैतालीचा आवाज चिरका झाला. "दोरी सोडायच्या आधी एक फोन करायचा व्हता. चाळ तुमच्या एकटीची शे का?"

एवढं साधं लताबाईच्या डोक्यातच आलं नव्हतं.

शेवटी सकीनानं पदर खोचला. "भांडण नंतर करा, कांदा सडायला थांबत नाय. ओला निवडू, उद्याच विकू, तोटा सगळ्यांचा. कोरडा दिवाळीपर्यंत राहील. पण बाई, यापुढं दोरीला हात लावायचा तर सगळ्यांना विचारून. कबूल?"

लताबाईला ते कडू लागलं. म्होरकी ती, आणि अट तिलाच? तिनं मान हलवली, तीही अर्धीच. चैताली निवडायला बसली. तिचा कांदा चाळीत राहिला. तिचा विश्वास राहिला की नाही, हे विचारायची लताबाईला हिंमत झाली नाही.

सकाळी ओला कांदा घेऊन ट्रॅक्टरवर लताबाई स्वतः नामपूरला गेली. लिलावात व्यापाऱ्यानं ढिगात हात घातला, बोटं हुंगली. "पाणी लागलंय बाई."

एरवी तिनं त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. पण आज मागं, सोबत आलेल्या सकीना आणि चैताली उभ्या होत्या.

"लागलंय," ती दात आवळून म्हणाली. "चाळ मीच उघडली व्हती. बोला आता, काय बोलायचं ते."