दाराआडचा रंग

आमच्या घरात आजवर कुणी लेख लिहिलेला नाही. वडील टेम्पो चालवतात, आई शाळेत खिचडी शिजवते, आणि कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे एका मोठ्या माणसावर लिहायला बसताना सारखं वाटतंय, हे माझं काम नव्हे. ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांना मी जेमतेम तीन वर्षं ओळखत होतो. नात्यानं ते माझे कुणी नव्हते. त्यांच्या आजाराबद्दल मला जे कळतं ते शेजारी बसून कळलेलं, पुस्तकातून नाही. कुठे चुकलो तर वाचणाऱ्यांनी माफ करावं. दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही, म्हणून लिहितोय.

मामा "कसा आहेस?" असं कधी विचारत नसत. "आज कोणता रंग?" असं विचारत.

कॉलेजसाठी तमिळ मुलखात आल्यावर मी अड्यारला राहिलो; तिथल्या गल्लीत त्यांना सगळे पुडवैमामा म्हणत. पुडवै म्हणजे तमिळमध्ये साडी. टी. नगरमधल्या एका मोठ्या दुकानात पांढऱ्या गादीवर बसून त्यांनी उभी हयात साड्या उलगडल्या होत्या. रंग त्यांना नावानिशी ठाऊक असत, आणि ती नावं पुस्तकी नसत. फळांची, पाखरांची, फुलांची असत. एकदा मी बसथांब्यावर आईशी फोनवर बोलत होतो, ते ऐकून त्यांच्या बायको, मामी, थांबल्या. "तुम्ही मराठी कीं? कोण गांव?" मी जिंतूर म्हणालो. त्यांना ते कळलं नाही, पण मला घरी घेऊन गेल्या. दारात मामा उभे. माझ्याकडे पाहून पहिलं वाक्य म्हणाले ते असं : "सर्ट काप्पिपोडी. रंग बरा आहे पा, शिंपी बरा नव्हे."

कॉफीच्या पुडीसारखा तो शर्ट आईनं हौसेनं शिवून घेतलेला होता. मला राग यायला हवा होता, पण हसू आलं. ही तंजावरकडची मराठी माणसं, पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेली. त्यांची मराठी मला जुन्या पत्रातल्यासारखी वाटायची, आणि माझी ऐकून मामी म्हणायच्या, "तूं बोलतोस कीं बातम्या वाचतोस?" वरची खोली त्यांनी मला दिली. मामा मला तंबी म्हणू लागले. धाकटा भाऊ.

मामांना बरं नसतं, हे मला पहिल्याच पोंगलला कळलं. त्या दिवसांत ते झोपतच नव्हते. पहाटे उठून गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन, मी नवं दुकान काढतोय, उद्घाटनाला या, असं सांगून आले. लोक खूश. "मामा किती उत्साही!" मामी मात्र स्वयंपाकघरात गप्प बसून होत्या. पुढच्या महिन्यात मामा भिंतीकडे तोंड करून पडले ते उठेनात. जेवणाचं ताट तसंच परत जायचं. काय होतंय विचारलं की एकच उत्तर : "परवाइल्लै." ठीक आहे, चालेल. हा शब्द मी तमिळमध्ये सगळ्यांत आधी शिकलो, आणि आता तो मला सगळ्यांत नकोसा वाटतो.

मामींचे गुडघे दुखत, म्हणून मामांना दवाखान्यात न्यायला मी बरोबर जाऊ लागलो. डॉक्टर तरुण होत्या, समजूतदार होत्या. त्यांच्या टेबलावर एक पुठ्ठा असे. त्यावर गोल चेहरे काढलेले, एका टोकाला हसरा, दुसऱ्या टोकाला रडका. ज्यांना बोलता येत नाही त्यांनी बोट ठेवायचं. मामा दरवेळी हसऱ्यावर बोट ठेवत.

"मामा, तुम्ही जेवत नाही, आंघोळ करत नाही, आणि हसरा?" डॉक्टरांनी एकदा विचारलं.

मामा ओशाळले. "गिऱ्हाईक समोर असतां तोंड पाडूं नये, असें मुदलाळि सांगत. मालक आमचे. आतां बोट तिकडेच जातें, काय करूं?"

डॉक्टर हसल्या, पण त्यांनी पुठ्ठा बाजूला केला. "मग चेहरा नको. आतून कसं आहे त्याला साडीचा रंग द्यायचा झाला तर कोणता द्याल?"

मामांनी सदऱ्याची कड बोटांत चोळून पाहिली. मग म्हणाले, "अरक्कु." लाखेचा गडद तांबडा. "पण दिव्यातला नव्हे. दुकान बंद करून ट्यूबलाइट मालवली कीं तो दिसतो तसा. तिथें आहे हें ठाऊक असतें. दिसत नाही."

मला तोपर्यंत वाटायचं, उदास असणं म्हणजे दुःखी असणं. मामांच्या या वाक्यानंतर तसं वाटेनासं झालं.

पुढच्या खेपेला मामांनी पिशवीत कापडाचे कापलेले तुकडे आणले, दुकानातून साठवलेले. घरी स्वयंपाकघराच्या दाराआड एक खिळा होता. मामा सकाळी उठले की पिशवीतून तुकडा काढून तिथे अडकवत. मामी विचारत काही नसत. दार लोटून बघत आणि त्याप्रमाणे दिवस लावत. आंब्याचा पिवळा असला की म्हणत, "आज आंबा! कॉफींत साखर घालूं कां जास्त?" अरक्कु असला की रेडिओ बंद ठेवत आणि ताक-भात घेऊन उशाशी बसत. वाडामल्ली हा झगझगीत जांभळा रंग, एका न कोमेजणाऱ्या फुलाचा. तो दिसला की मामी बँकेचं पुस्तक लपवत आणि डॉक्टरांना फोन करत. "जें फूल वाळत नाही, त्याला झोंप येत नाही," मामा स्वतःच सांगत.

शेजारच्या बाईंनी एकदा तो खिळा पाहिला. "मामी, ब्लाउज पीस कितीला?"

"विकायचें नव्हे हो," मामी म्हणाल्या, "वाचायचें."

एक तुकडा मात्र मामांनी मला वेगळा काढून दाखवला. मयिल कळुत्तु. मोराची मान. इकडून निळा, जरा वाकवला की हिरवा. माझ्या डोळ्यांना पिशवीतला तो सगळ्यांत सुंदर वाटला, आणि मी तसं बोलून गेलो.

"गिऱ्हाईकही असेंच म्हणत," मामा म्हणाले. "हा एक रंग नव्हे, तंबी. ताणा निळा, बाणा हिरवा; उभा दोरा एक, आडवा दुसरा. अरक्कुमध्यें मरावें वाटतें, पण हात उचलत नाही. वाडामल्लीमध्यें हात थांबत नाही, पण मरावें वाटत नाही. ह्यांत दोन्ही एकत्र विणलेलें. हा दिसला तर मज एकटा ठेवूं नकोस."

मी असताना तो एकदाच दिसला. मामींनी कॉलेजात फोन केला. मी प्रॅक्टिकल अर्धं टाकून आलो. मामा अंगणात येरझारा घालत होते आणि रडत होते, दोन्ही एकदम. डॉक्टरांनी लगेच बोलावलं, औषधं बदलली, काही दिवस दवाखान्यातच ठेवून घेतलं. परत आल्यावर एका सकाळी दाराआड आंबा दिसला. मामी त्या तुकड्याला हात लावून उभ्या राहिल्या आणि मग कॉफी टाकायला गेल्या.

मलाही ते विचारत. पहिल्या सत्रात मी तीन विषयांत नापास झालो होतो. वर्गातलं इंग्रजी डोक्यावरून जायचं. घरी फोनवर मी सगळं छान आहे म्हणायचो. मामांनी रंग विचारला तेव्हा मी पांढरा म्हणालो. "पांढरा हा लपवायचा रंग," ते म्हणाले आणि पिशवी माझ्यापुढे धरली. मी हात घातला, राखाडी तुकडा काढला, आणि मला तिथेच रडू आलं. आमच्याकडे कुणी असं विचारत नाही. आई विचारते, जेवलास का. तिचा प्रश्नही तोच असतो, पण त्याला उत्तर फक्त हो असं देता येतं.

माझ्या शेवटच्या वर्षी मामी तापानं गेल्या. चार दिवसांत गेल्या. मामा रडले नाहीत. दाराआड त्यांनी काहीच लावलं नाही, रिकामा खिळा ठेवला. बंगळूरहून त्यांची मुलगी आली आणि त्यांना घेऊन गेली. मुलगी वाईट नव्हती, हे मला स्पष्ट लिहायचंय. नोकरी सांभाळून तिनं वडिलांना नेलं, चांगला डॉक्टर लावला, गोळ्या स्वतः हातावर ठेवायची. ती इंग्रजी आणि तमिळ बोलायची. मराठी तिला अर्धवट समजायची. सामानाची बांधाबांध चालू असताना मी तिला पिशवीतले तुकडे एकेक करून सांगितले. गडद असला तर वाईट, पिवळा चांगला, हे तिला चटकन कळलं. जांभळाही कळला. मोराच्या मानेपाशी मी अडलो. माझ्या इंग्रजीत ताणाबाणा नव्हता. दोन रंग एकत्र म्हणजे धोका, असं काहीतरी मी म्हणालो. तिनं मान हलवली, तेवढ्यात ट्रकवाल्यानं हाक मारली.

मग फोनवरच भेट. "इथें फोनमध्यें पांच तोंडें आहेत," मामा सांगत. "रोज एकाला बोट लावायचें. मुलगी ऑफिसांतून बघते."

"मामा, तुम्ही कोणत्याला लावता?"

"कोणत्याला लावीन? पहिल्याला. मुलगी खूश होते."

"आणि खिळा?"

"मारला. माझ्या खोलीच्या दाराआड. रोज लावतों." मग म्हणाले, "कॉफी कोण विचारतें आतां."

मी मुलीला फोन करून सांगितलं, चेहऱ्यांवर जाऊ नका, दाराआड बघत जा. ती म्हणाली, बघते की, अप्पा हल्ली छान छान रंग लावतात. तेव्हा माझी परीक्षा चालू होती. परीक्षा संपल्यावर मी दोनदा फोन लावला, कुणी उचलला नाही. निकाल लागला, मी पास झालो. मामांना सांगायला पुन्हा लावला. वाजतच राहिला.

शेवटी तिचाच फोन आला, सगळे विधी उरकल्यानंतर. अप्पा गेले, ती म्हणाली. स्वतःच गेले. ती ऑफिसात होती. कसे, ते मी विचारलं नाही. बराच वेळ ती त्या चेहऱ्यांबद्दलच बोलत होती, की रोज हसरा होता, त्या दिवशी सकाळीसुद्धा हसरा होता.

मग तिनं मला एक विचारलं. खोली आवरताना दाराआड शेवटचा तुकडा तसाच होता. त्या सकाळी तिनं तो पाहिला होता आणि निर्धास्त मनानं कामाला गेली होती, कारण इतका सुंदर रंग अप्पांनी आधी कधी लावला नव्हता. निळा म्हणावा तर हिरवा. तो तिनं जपून ठेवलाय. त्याला काय म्हणतात?

"मयिल कळुत्तु," मी म्हणालो. "मोराची मान."

"अप्पांचा आवडता असेल," ती म्हणाली.

मी हो म्हणालो.