शिकणारा तिसराच

आपला पाठ चालू असताना सीनूराव स्क्रीनकडे कधी बघत नसत. ते पाठ ऐकणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत. कुणाची भुवई जरा वर गेली की पाठ थांबवत आणि तेच वाक्य नव्याने, सोपं करून बोलत.

कारखान्यांतल्या कामगारांना मोबाइलवर सुरक्षेचे पाठ देणाऱ्या आमच्या पुण्याच्या कंपनीने मला कुंभकोणमला पाठवलं, ते बाजार चाचपायला. तमिळ पाठांना मागणी वाढत होती आणि आमच्याकडे तमिळ जाणणारं कुणी नव्हतं. तिरुभुवनम् रस्त्यावर साड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत सीनूराव असे पाठ तयार करत. मराठ्यांच्या राज्यात इकडे येऊन राहिलेलं घराणं. बाहेर तमिळ, घरात त्यांची जुनी मराठी. पहिल्याच भेटीत म्हणाले, "उभी कसाला? बैस बाई, कापी घे." मग माझा बाजाराचा तक्ता पाहून हसले. "हे अस्के बरं आहे." अस्के म्हणजे सगळं. "पण येक ध्यानांत ठेव. विकणारा येक, घेणारा येक, शिकणारा तिसराच. तो तुझ्या तक्त्यांत कोठें आहे?"

तो नव्हताच. पाठ विकत घेत मालक, आणि मालकांना हवं असे स्क्रीनवरचं हिरवं 'पूर्ण'. दुसऱ्या कंपन्या पाठ आखूड करत गेल्या, तशा आम्हीही. पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्रांचा, सीनूरावांनी आमच्यासाठी केलेला पाठ अर्धा झाला, मग त्याच्याही अर्धा. दर वेळी ते विचारत, "काय काढूं? पदर काढूं की बोटें काढूं?" दर वेळी मी पुण्याचा निरोप तेवढा सांगे.

इन्नंबूरजवळच्या एका भातगिरणीत त्यांना दिसलं, की मुकादमच बायकांचे फोन गोळा करून पाठ पुढे सरकवतो आणि परीक्षेची उत्तरंही तोच दाबतो. ते मालकाकडे गेले. मालक अदबीने म्हणाला, "सर, कामाचा वेळ मोडतो. तपासणीला 'पूर्ण' दिसलं की झालं." मी पुण्याला कळवलं. उत्तर आलं, गिऱ्हाईक खूश आहे, मध्ये पडू नका.

मग त्या गिरणीतल्या सेल्वीचा हात पट्ट्यात गेला. बोटं वाचली नाहीत. मालकाने सांगितलं, तिला प्रशिक्षण दिलं होतं, ती उत्तीर्ण आहे, चूक तिची. पुरावा आमचाच. सीनूरावांनी मला पुण्याला फोन लावायला लावला आणि स्वतः बोलले. "ती पाठ पाहिलीच नाही. मी सांगतों की!" पलीकडून आवाज आला, "सर, सिस्टिममधली नोंद बदलता येत नाही." मग आम्ही कामगार कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी शांतपणे विचारलं, "तिचाच फोन मुकादमाच्या हातात होता, हे तुम्ही पाहिलंत?" तिचाच कुठला ते सीनूरावांना कसं ठाऊक असणार? ते खाली मान घालून बाहेर आले. "सत्य आहे, पण माझ्या हातांत नाही," एवढंच म्हणाले.

त्या आठवड्याच्या अखेरीस त्यांनी दोन्ही खोल्या रिकाम्या केल्या. आता मरुदानल्लूरला भजनात जाऊन बसतात म्हणे. माझा फोन घेत नाहीत. मला आठवते ती त्याआधीची, सरकारी इस्पितळातली दुपार.

सेल्वी उशीला टेकून बसली होती. सीनूरावांनी आपण कोण ते सांगितलं आणि ती काय बोलेल या धास्तीने उभेच राहिले. तिने त्यांना बसायला स्टूल दाखवलं. एव्हाना मला थोडंफार कळू लागलेल्या तमिळमध्ये म्हणाली, "सर, मी पास झाले म्हणतात. त्या पाठात होतं तरी काय?"

सीनूराव बसले. त्यांनी पहिला, न कापलेला पाठ सांगायला घेतला. पदर कुठे खोचायचा, यंत्रापासून किती लांब उभं राहायचं, पट्टा अडकला तर आधी बटण बंद करायचं, मग मुकादमाला हाक मारायची. सेल्वी शब्द न् शब्द ऐकत होती, मान हलवत होती. मध्येच तिने त्यांना थांबवलं.

"म्हणजे आधी बटण?"

"हो अम्मा. आधी बटण."

तिने बँडेज बांधलेला हात दुसऱ्या हाताने उचलून मांडीवर घेतला.

"मी आधी हात घातला, सर," ती म्हणाली.