तीन नंबरचा पंप हळू फिरला

इथले गूढ अनुभव मी चहासोबत आवडीने वाचते आणि मनात म्हणते, काहीही हं! मी पंपांची इंजिनियर. यंत्राला वीज मिळते किंवा मिळत नाही, मधलं काही नसतं, असं ठणकावून सांगत फिरणारी बाई. पण आता जे सांगतेय ते माझ्या डोळ्यांदेखत घडलंय... विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

मी राहते नवीन पनवेलला. करंजाड्यातल्या एका टॉवरच्या पंपांची देखभाल आमच्याकडे आहे. तळघरात तीन पंप आणि एकच कंट्रोल पॅनल. वर नळ उघडले की पॅनलमधला कॉम्प्युटर पंपांचा वेग वाढवतो, बंद केले की कमी करतो. मला हे पंप फार आवडतात. शेवटच्या मजल्यावर कुणी तांब्याभर पाणी घेतलं तरी त्यांना कळतं, आणि तेवढाच जोर लावतात. अगदी गुणी लेकरं!

त्या दुपारी तीन नंबरचा पंप खडखडत होता. सोबत सुनीलदादा होता. उरणचा कोळी, आमचा सगळ्यात जुना मेकॅनिक. रविवारी घरी जाळी विणतो, आणि त्याचा हात असा चालतो की बघत राहावं.

"मॅडम, कपलिंगचा रबर गेलाय वाटतं. बगतो." कपलिंग म्हणजे मोटर आणि पंप यांना जोडणारा, गरगर फिरणारा लोखंडी भाग. झाकण काढून दादाने उजव्या हाताची बोटं आत घातली.

"मेन स्विच पाडलात ना?"

"स्क्रीनवर बंद केलाय. मेन पाडला तं तिनी पंप थांबतील. मंग वरच्या बाया आपल्याला खातील का नाय?"

खोटं नव्हतं ते. पाणी गेलं की सोसायटीच्या ग्रुपवर आमचा उद्धार होतो, म्हणून आमच्या लाइनीत सगळे स्क्रीनवरच भागवतात. पण त्यात एक गोम आहे — लाईट जाऊन आली की स्क्रीनवरचं 'बंद' पुसलं जातं आणि पंप आपोआप सुरू होतो. "दादा, हात काढा" म्हणायला मी तोंड उघडलं... आणि लाईट गेली. लगेच परत आलीसुद्धा.

एक नंबर सुरू झाला. दोन नंबर सुरू झाला. मी किंचाळले, कारण दादाची बोटं बोल्टांमध्ये अडकली होती.

आणि तीन नंबर फिरू लागला... हळू. इतका हळू, जात्याचा खुंटा धरून कुणीतरी सावकाश फिरवावा तसा. बोल्ट जरासा सरकला, दादाने हात बाहेर ओढला — आणि मगच पंपाने पूर्ण वेग घेतला.

दादा मटकन खाली बसला. एकेक बोट हलवून बघत होता. "मॅडम, यो माझ्यासाटी थांबला. तुमी बगितला ना?"

बघितलं होतं. मी रडत होते आणि त्याच वेळी त्याला शिव्याही घालत होते.

डोकं ठिकाणावर आल्यावर सेटिंग तपासलं. इतक्या कमी वेगाने त्या पंपाला चालताच येत नाही. खालची मर्यादा मीच घातलीय. पाणी उलटं आलं असेल म्हणाल, तर त्याने पंप उलटा फिरतो. हा सुलटा फिरला, आणि व्हॉल्व्ह बंद होता. मी वीज घालवून-आणून पुन्हा पुन्हा करून पाहिलं. दर वेळी थेट वेगात उडी! पॅनल बनवणाऱ्यांच्या तज्ज्ञाला विचारलं, तर तो हसला. "मॅडम, तुम्ही घाबरला होतात, म्हणून हळू वाटलं." बरं बाबा, वाटलं. मग दादाची बोटं कशी वाचली ते सांग की!

आता मेन पाडल्याशिवाय आम्ही कुणीच हात घालत नाही. वरच्यांना काय बोलायचं ते बोलू दे. दादा मात्र निघताना उजवा तळवा तीन नंबरच्या मोटरवर ठेवतो आणि म्हणतो, "येतो रं."

मला अजूनही यातलं काही पटत नाही, उत्तरही सापडलेलं नाही. पण पाचही बोटं धड असलेला तो हात बघते... आणि दादा पुढे गेला की मीही हळूच म्हणते, "येते हं."