एक जूनला जन्मलेली माणसं

आमच्या दवाखान्यात कॉम्प्युटर आला तो दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी, आणि आला तो भांडण घेऊनच.

दवाखाना बाबांचा. बाबा गेल्यावर डावीकडच्या खोलीत आक्का बसू लागली, उजवीकडच्या खोलीत मी. आक्का माझी थोरली बहीण, बायकामुलांची डॉक्टर. मी सर्दीपडसं, बीपी, शुगर आणि 'जरा अंग बघा हो' यांचा. बाहेरच्या बाकावरचे बहुतेक लोक तिच्या दाराकडं तोंड करून बसत. तिच्याकडं फारच गर्दी झाली, तर नाइलाजानं माझ्याकडं वळत. आज हे मी हसत सांगतो. तेव्हा कुणी म्हणालं असतं, तर त्याचं बीपी मी दोनदा मोजून त्याला घाबरवलं असतं.

शहर तेव्हा चारी बाजूंनी सुटलं होतं. लहानपणी जिथं आम्ही हुरडा खायला जायचो, तिथं बीड बायपासला काचेची हॉस्पिटलं उभी राहत होती. आमच्या गल्लीत नळ कधी येणार ते देवाला माहीत नव्हतं, पण त्या हॉस्पिटलांपुढं हिरवळ होती आणि तिच्यावर टँकरचं पाणी मारलं जायचं. त्यांतल्याच एकानं आक्काला बोलावलं. एसी खोली देतो, नर्स देतो, सगळं कॉम्प्युटरवर, तुम्ही फक्त या.

दुपारी दवाखाना बंद करताना आक्कानं मला ते सांगितलं, आणि किल्ली हातात ठेवून म्हणाली, "पावसाळ्याच्या आत आपले सगळे केसपेपर कॉम्प्युटरमध्ये गेले, तर मी इथं. नाहीतर मी बायपासला."

बाबांनी सगळी हयात कागदावर काढली, असं मी म्हणालो. ती म्हणाली, बाबांचं अक्षर वाचता यायचं.

आक्का गेली तर दवाखान्यात उरणार होतो मी आणि वजनकाटा, आणि लोक माझ्यापेक्षा काट्यावर जास्त विश्वास ठेवायचे. तेव्हा कॉम्प्युटर आला. विकणारे गृहस्थ टाय लावून, उन्हानं लालबुंद होऊन आले. आधी पाणी मागितलं, मग त्याचे गुण सांगितले. तो रिपोर्ट सांभाळतो, औषधांची आठवण देतो, पेशंटशी नातं जोडतो. नातं जोडतो म्हणजे नेमकं काय करतो, हे विचारायला हवं होतं. मी विचारलं, हा बंद कसा करायचा.

आमचे केसपेपर पत्र्याच्या कपाटात होते, खणाखणांत. सगळ्यात खालचा खण वेगळा. बाबांची एक रीत होती. पेशंट गेला की दहाव्याच्या आत ते त्याच्या घरी भेटायला जायचे. निघण्याआधी त्याचा केसपेपर काढून वाचायचे, आणि परत आल्यावर त्यावर आडवी रेघ मारून तो खालच्या खणात टाकायचे. बाबांच्या माघारी आम्हीही ते चालू ठेवलं. त्यात मोठेपणा काही नव्हता. कागद वरच्या खणातून खालच्या खणात न्यायचा, तर मधे त्या घरी जाऊन यावं लागतं, एवढंच आमच्या अंगवळणी पडलं होतं. त्या वर्षी पेपरात रोज जायकवाडीच्या मृतसाठ्याची बातमी असायची. धरणाच्या तळाचं पाणी, एरवी त्याला हात लावायचा नसतो. तेव्हा मात्र सगळं शहर तेच पीत होतं. आक्कानं आमच्या खालच्या खणालाही मृतसाठा म्हणायला सुरुवात केली. तो खण तेवढा कॉम्प्युटरमध्ये घालायचा नाही, असं ठरलं. बाकी सगळी जिवंत माणसं आत.

रोज दुपारी आम्ही दोघं बसायचो. आक्का कागद वाचायची, मी दोन बोटांनी टाइप करायचो. भावंडांमधलं जे काही भांडण लहानपणी करायचं राहून गेलं होतं, ते आम्ही त्या खोलीत पुरं केलं. ती म्हणायची, अरे हळू काय करतोस, पेशंट बरा होऊन जाईल तोवर. मी म्हणायचो, तुझ्या औषधानं ती भीती नाही.

आणि त्यातही तो कॉम्प्युटर. त्याला वय चालत नसे. जन्मदिवस, महिना, वर्ष, तिन्ही भरल्याशिवाय तो तहसीलमधल्या कारकुनासारखा बसून राहायचा, पुढं सरकायचाच नाही. बाबांच्या कागदावर नुसतं 'वय ४५' असायचं, तेही पंधरा वर्षांमागचं. समोर पेशंट असला, तर त्याला विचारायचो. एक आजोबा म्हणाले, "आसंल साठ-सत्तर. तुमीच बगा की, डॉक्टर तुमी हाव." एक बाई म्हणाली की ती थोरल्या जावेपेक्षा लहान आहे. मी म्हणालो, मग जावेचं वय सांगा. तर म्हणे, "ती सांगती व्हय खरं?"

एका दुपारी मला आमचे जुने हेडमास्तर आठवले. शाळेत नाव घालायला आणलेल्या पोराची जन्मतारीख आई-बापाला सांगता आली नाही की ते डोळे मिटून एक जून लिहायचे. सगळ्याच शाळांतले हेडमास्तर तेच करायचे. अर्धा मराठवाडा एक जूनला जन्मला तो असा. मीही त्यातलाच. डॉक्टरच्या घरी जन्मूनसुद्धा. कारण मला शाळेत घालायला काका घेऊन गेले होते, आणि त्यांना माझं पाळण्यातलं नावसुद्धा धड आठवत नव्हतं. मग मी ज्याची तारीख माहीत नाही त्याला एक जून द्यायला सुरुवात केली, आणि गाडी जी सुटली ती सुटली.

आक्कानं एकदा हरकत घेतली. खोटं भरू नकोस, म्हणाली. मी म्हणालो, शाळांनी भरलं, सरकारनं मानलं, त्यावर माणसं नोकरीला लागून रिटायरसुद्धा झाली. "शाळेनं कुणाला गोळ्या नव्हत्या दिल्या," ती म्हणाली आणि पुढचा कागद वाचायला लागली. म्हणजे तिनं संमती दिली, असं माझं आजही म्हणणं आहे. तिचं आजही नाही.

मेच्या अखेरीस शेवटचा कागद आत गेला. आक्कानं कपाटाला कुलूप लावलं आणि तोंडातल्या तोंडात म्हणाली की येत्या सोमवारी बायपासवाल्यांना नाही म्हणून कळवते. मी जिंकलो होतो. घरी जाताना, पाणीटंचाई असूनही, मी उसाचा रस प्यालो. दोन ग्लास.

सोमवारच्या आधी एक जून आला.

सकाळी बायकोनं माझ्या हातात फोन दिला आणि विचारलं, आज तुमचा वाढदिवस आहे का सगळ्या गावाचा? कॉम्प्युटरनं कुणालाही न विचारता, रात्री केव्हातरी, नातं जोडलं होतं. ज्यांची म्हणून जन्मतारीख एक जून, त्या सगळ्यांच्या मोबाइलवर, वर ज्याचं त्याचं नाव घालून, एकच मेसेज गेला होता: वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, आपणास निरोगी दीर्घायुष्य लाभो. खाली दवाखान्याचं नाव, म्हणजे बाबांचंच. आणि घरात मोबाइल एकच असल्यानं, घरातल्या सगळ्यांचे मेसेज त्याच एका नंबरावर.

दवाखाना उघडला तर बाकावर लोक नुसते हसायला येऊन बसलेले. एक रिटायर कंडक्टर म्हणाले, "साहेब, सासू, सून, नातू, समदे आज जन्मले. म्हैसच तेवढी राहिली. तिचंबी टाका की आत." कुणी पेढे मागितले. एका बाईनं आक्काला सांगितलं की नवरा आणि ती एकाच दिवशी जन्मले हे समजल्यापासून तो गप्प आहे, तेवढा तरी फायदा झाला. आक्का सगळ्यांशी हसली आणि माझ्याकडं तिनं एकदाही बघितलं नाही. मला ती बघत नाही तेव्हा जास्त भीती वाटते.

दुपारी दार लावायच्या वेळेला एक जण आला. शेंद्र्याच्या कंपनीतला, अंगात अजून कंपनीचा शर्ट. त्याचे वडील बाबांच्या काळापासूनचे आमचे पेशंट, आणि ते उन्हाळा लागता लागता गेले होते. आम्हाला कळलं होतं. कळलं तेव्हा आम्ही दोघं टायपिंगला बसलेलो होतो. आक्का अरेरे म्हणाली, मी अरेरे म्हणालो, आणि पुढचा कागद घेतला. त्यांचा कागद हिवाळ्यातच आत गेला होता, आणि आत गेलेले कागद आम्ही गठ्ठ्यात बांधून टाकायचो. खालच्या खणात न्यायला हातात काहीच नव्हतं. कॉम्प्युटरमध्ये ते जिवंत राहिले आणि एक जूनला जन्मले.

त्यानं फोन टेबलावर ठेवला. आवाज चढवला नाही.

"दवाखान्यातनं आमच्या बाबांच्या नावानं कायतरी आलंय म्हणलं, तर आई म्हणली वाच मोठ्यानं," तो म्हणाला. "मी वाचलं. मोठ्यानं."

मी म्हणालो, हे आम्ही पाठवत नाही, कॉम्प्युटर आपोआप पाठवतो.

"मातीला आला नाहीत. दहाव्याला आला नाहीत. तुमचे वडील यायचे." त्यानं फोन उचलला. "आन् तुमी काय पाठवलं, दीर्घायुष्य. त्याचं नाव काढा ह्याच्यातनं."

नाव काढायला मी बसलो. निघेना. टायवाल्या गृहस्थांना फोन लावला, तर ते म्हणाले, सर, एकदा आत गेलेला पेशंट काढता येत नाही, ते नियमात बसत नाही. फक्त त्याची स्थिती बदलता येते. तो मनुष्य उभ्यानं सगळं ऐकत होता. संध्याकाळपर्यंत काढा एवढंच म्हणाला आणि गेला.

संध्याकाळी आक्का म्हणाली, चल. मी म्हणालो, दोन दिवस जाऊ दे, राग उतरू दे. ती स्कूटर काढून बसलीसुद्धा होती.

त्यांच्या गल्लीत दारोदार निळे ड्रम आणि ड्रमांना कुलपं. पाण्याची चोरी व्हायची तेव्हा. घरात त्याची आई भिंतीला टेकून बसली होती, तो उभा होता. आम्ही सतरंजीवर बसलो. आमच्याकडं शत्रू जरी घरी आला तरी आधी पाण्याचा तांब्या येतो. दुष्काळातसुद्धा अर्धा पेला का होईना, विचारतात. आम्हाला कुणी विचारलं नाही. आतून सून डोकावली, मुलानं तिच्याकडं नुसतं बघितलं, आणि ती मागं गेली. माझा घसा अशा वेळी मुद्दाम कोरडा पडतो.

आईनं माझ्याकडं बघितलंच नाही. ती आक्काला म्हणाली, "माजी सासू गेली तवा तुमचा बाप हितंच बसला व्हता, बाई. तुमी बसल्यात ना, तितंच."

आक्कानं हात जोडले. म्हणाली, चुकलं आमचं. तेवढ्यावर उठलो असतो तर बरं झालं असतं. पण त्यानं विचारलं, "काढलं का नाव?" आणि उत्तर माझ्याकडं होतं.

मी समजावून सांगायला लागलो. नाव काढता येत नाही, पण आता मेसेज जाणार नाही, कारण त्यांच्या नावापुढं आपण निष्क्रिय अशी नोंद केली आहे. कॉम्प्युटरमध्ये तसा शब्दच आहे. म्हणजे तांत्रिक शब्द आहे.

आक्कानं माझ्या मांडीला चिमटा काढला, पण शब्द गेला होता.

"निष्क्रिय," तो म्हणाला. "मेला त्या दिवशी सकाळी टँकरमागं कळशी घेऊन पळत होता माझा बाप. घरचं पाणी भरून गेला. निष्क्रिय तुमी."

म्हातारीनं पदर तोंडाला लावला. ती रडत होती की काय करत होती, मला कळलं नाही, आणि आम्ही बघायला थांबलो नाही.

परतीच्या वाटेवर क्रांती चौकापाशी सिग्नलला थांबलो. मागे बसून मी आक्काला सांगत होतो की मूळ चूक तारखेची नव्हतीच, चूक मेसेजची होती, आणि तो कॉम्प्युटर आणायचा आग्रह कुणाचा होता हे जरा आठवावं. मी तिला हेही म्हणालो की झालं ते झालं, सोमवारी तू बायपासवाल्यांना कळवून टाक.

"मी जाणार आहे बायपासला," ती म्हणाली.

मी म्हणालो, कागद तर सगळे आत गेले, तूच बोलली होतीस.

"कागदाचं नाही रे. इथं बाबांच्या नावाखाली बसायचं, म्हणजे बाबांसारखं जावं लागतं. मला नाही जमलं, आणि जमलं नाही हे मला कळलंसुद्धा नाही." सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, ती हलली नाही. "तिकडं निदान कुणी वाट तरी बघत नाही."

पाऊस त्या वर्षी उशिरानं, तोही नावालाच आला. त्याच्या आधी आक्का गेली. जाताना स्वतःची खुर्ची घेऊन गेली, कॉम्प्युटर माझ्यासाठी ठेवला. तिच्या तिकडच्या खोलीत मी एकदाच गेलो, बाहेर नंबर लावून. पेशंट म्हणून नाव लिहिलं तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं जन्मतारीख विचारली, आणि मी खरी सांगितली.

दवाखान्यात आता गर्दी नाही, वजनकाटा आहे. शुभेच्छा बंद करायची जागा मला पुष्कळ शोधून सापडली, तीही नको तिथं. कुणी गेलं की नावापुढं तो शब्द टाकण्याआधी मी त्यांच्या घरी जाऊन येतो. कुठं चहा मिळतो, कुठं दारातून परत यावं लागतं. शेंद्र्याच्या त्या माणसाचं घर आता दुसऱ्या डॉक्टरकडं जातं. रस्त्यात दिसला तर तो मान फिरवतो, मीही फिरवतो.

दर एक जूनला सकाळी माझ्या फोनवर आक्काचा मेसेज येतो. अक्षरन् अक्षर तोच: वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, आपणास निरोगी दीर्घायुष्य लाभो. माझा वाढदिवस श्रावणात असतो हे माझ्याशिवाय जगात तिला एकटीलाच नक्की माहीत आहे. मी जन्मलो तेव्हा ती दारात उभी होती. श्रावणात तिचा फोन येत नाही. मी जूनच्या मेसेजला उत्तर देत नाही. निष्क्रिय माणसानं उत्तर द्यायचं नसतं.