पोपटाची धून

सॅक्सोफोन तोंडात असताना माणसाला हसता येत नाही. ओठ जरा फाकले तरी हवा बाजूने निसटते आणि सुराऐवजी कोंबडी दाबल्यासारखा आवाज येतो. टीव्हीवर मी हसत नव्हतो त्याचं कारण एवढंच होतं. पण लोकांना वाटलं, हा माणूसच तसा आहे. त्या गैरसमजावर मी चार वर्षं प्रसिद्ध राहिलो.

माझं गाव डोळखांबच्या आत, डांबरी रस्ता संपतो तिथून अजून थोडं पुढे. घरी भात आणि नाचणी. दहावीनंतर मी मुरबाडला आत्याकडे राहायला गेलो. आत्याच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून एका बँडची खोली होती. रोज संध्याकाळी भिंतीतून बाजा ऐकू यायचा. नोकरी मिळत नव्हती, म्हणून मी भिंतीपलीकडे जाऊन बसायला लागलो. बँडचे मालक आणि गुरू एकच, सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. त्यांनी मला आधी झांजा दिल्या, मग ढोल दिला. पुढे बँडचा सॅक्सवाला भिवंडीला यंत्रमागावर कामाला गेला तो परत आलाच नाही. त्याचं वाद्य खुंटीला लटकलेलं होतं. मास्तर म्हणाले, "घे. पडून पडून वाया जाईल."

पावसाळ्यात लग्नं नसतात. तो सगळा पावसाळा मी एकच सूर लांबवत काढला. मास्तर समोर बसून वाल सोलायचे आणि माझा श्वास तुटला की मान वर न करता म्हणायचे, "परत." दसऱ्यापर्यंत मला हळदीची गाणी यायला लागली, आणि दोन लग्नसराया उलटल्यावर पाठवणीची चाल. नवरी निघताना आमच्याकडे बँडवाले एक संथ चाल वाजवतात. ती नीट वाजली तर मांडवात कुणाचेही डोळे कोरडे राहत नाहीत. मास्तर ती चाल सहसा दुसऱ्याला देत नसत. मला दिली तेव्हा एवढंच सांगितलं, "नवरीकडे बघू नको. तू रडलास तर सूर तुटेल."

तर मी पाठवणी चांगली वाजवणारा म्हणून शहापूर-मुरबाडकडे थोडाफार माहीत होतो. नातेवाइकांतल्या बहुतेक मुलींची पाठवणी मीच वाजवली. टीव्ही मध्येच आला. आमच्या बँडचा कीबोर्डवाला मुंबईच्या ऑर्केस्ट्रांतही वाजवायचा. त्याला एका विनोदी कार्यक्रमात काम मिळालं, तिथे सॅक्सवाला हवा होता, त्याने माझं नाव सुचवलं. शूटिंग मिरा रोडच्या पुढे एका स्टुडिओत. आम्हा वाजवणाऱ्यांना काळी जाकिटं दिली आणि स्टेजच्या कोपऱ्यात एका पायरीवर बसवलं. नट यायचे-जायचे तेव्हा आम्ही वाजवायचं, बाकी गप्प.

एका प्रवेशात एक नट नवरदेव बनून चुकीच्या मांडवात शिरतो आणि तिथून त्याला हाकलतात. तालमीत संगीत बघणारे म्हणाले, "इथे काहीतरी वाजव." आमच्याकडे वरातीत घोडा अडला की मी गंमत म्हणून तीन सूर वाजवायचो, वरून खाली, शेवटचा जरा घसरवत. तेच वाजवले. प्रेक्षक हसले. तेवढ्यात कॅमेरा माझ्याकडे वळला. माझ्या तोंडात वाद्य, गाल फुगलेले, चेहरा दगड. प्रेक्षक आणखी हसले. त्या दिवसापासून कुणाची फजिती झाली की मी ते तीन सूर वाजवायचे आणि कॅमेऱ्याने मला दाखवायचं, असं ठरूनच गेलं. लोकांनी त्याला 'पोपटाची धून' नाव दिलं. मोबाइलवर माझ्या चेहऱ्याची चित्रं फिरायला लागली. कुणाची परीक्षेत दांडी गुल, कुणाला मुलीने नकार दिला, की खाली माझा फोटो.

शहापूरच्या नाक्यावर माझा फ्लेक्स लागला, 'आपल्या तालुक्याची शान'. त्यात पुढाऱ्याचा चेहरा मोठा आणि मी खाली डाव्या कोपऱ्यात. तरी बायको रिक्षा थांबवून बघून आली.

आईला मात्र काळजी लागली. तिचा फोन आला.

"तुला तिथं कोण तरास देतो काय रे?"

"नाय गो. कशाला?"

"मंग हसत कसा नायस? सगली दुनिया हसते, नि तू आपला मयताला बसल्यासारखा."

"आई, तोंडात वाद्य असतं."

"वाद्य काढलंस तरी नाय हसत. मी बघते ना."

ते खरं होतं. मला तसं सांगून ठेवलेलं होतं. वाजवून झालं तरी हसायचं नाही, बाहेर कुणी फोटो काढला तरी हसायचं नाही. नट खरोखर चांगले होते. त्यांचं काम बघताना पोटात कळ यायची, मी जिभेचा शेंडा दाताखाली धरून बसायचो. हळूहळू सवय झाली. मग घरीही हसू जरा उशिरा यायला लागलं. बायको एखादी गंमत सांगायची आणि माझ्याकडे बघत थांबायची.

मास्तरांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवा हात गेला होता, बोलणं जड झालं होतं. मी भेटायला गेलो तेव्हा मनात धाकधूक होती. एवढ्या वर्षांची शिकवण आणि मी वाजवतोय काय, तर पोपटाची धून. पण ते प्रत्येक भाग बघत होते. खुणेने मला जवळ बसवलं आणि शब्द जुळवत म्हणाले, "शेवटचा सूर... लवकर सोडतोस."

"मास्तर, ते विनोदी आहे."

"म्हणून तर. माणूस पडतो... तेवढा वेळ दे त्याला."

पुढच्या शूटिंगला मी शेवटचा सूर थोडा जास्त धरला. हशा आधीपेक्षा मोठा आला. मास्तरांच्या सुनेने फोनवर सांगितलं की ते डाव्या हाताने मांडीवर थाप मारत होते. त्यानंतर मला त्या तीन सुरांची लाज वाटली नाही.

माझ्या थोरल्या बहिणीचं सासर मुरबाडच्या पलीकडे. तिच्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलं. ताई म्हणाली, "बँड कुठलापन आण, पाठवनीला तूच वाजवायचंस." न सांगताही मी वाजवलीच असती. ती पोर लहानपणी माझ्या खांद्यावर बसून वरातीत फिरलेली. शूटिंगमधून सुट्टी काढली आणि आमचाच जुना बँड नेला.

हळदीला लोकांनी मला सोडलं नाही. दाजींच्या तोंडाला हळद फासली, वाजवा पोपट. कुणा पाहुण्याचं धोतर सुटलं, वाजवा पोपट. मी वाजवत राहिलो, सगळे खूश होते, मीही होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाठवणी. गाडी फुलं लावून उभी होती. ताईने मुलीला कवेत धरलेलं, भोवती बायकांचं कोंडाळं, सगळ्या रडत होत्या. मी पुढे झालो आणि वाद्य उचललं. पहिला सूर निघायच्या आत वऱ्हाडातल्या कुणीतरी तोंडाने आवाज काढला, "पँ, पँ, पँऽऽ." चारजण हसले. मला वाटलं, चाल सुरू झाली की गप्प होतील. मी मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे नवरीकडे न बघता वाजवायला लागलो. पण हसू वाढतच गेलं. मोबाइल वर झाले. मी जितकं मनापासून वाजवत होतो तितका माझा चेहरा टीव्हीवरच्यासारखा होत होता. त्याला मी काय करणार? शेवटी माझी भाची आईच्या खांद्यावरून मान वर करून बघायला लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तिला हसू फुटलं. चांगलं मोठ्याने.

मी मध्येच थांबलो. क्लॅरिनेटवाल्याने पुढची चाल सांभाळून नेली. गाडी निघाली तेव्हा भाची काचेतून हात हलवत होती आणि अजून हसतच होती.

मांडव रिकामा झाल्यावर ताई माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"माझी पोर घरातनं रडत जायला पायजे व्हती. तू तिला हसत धाडलीस."

"मी काय केलं गो ताई? मी तर पाठवणीच वाजवत होतो."

"तू काय नाय केलंस. नुसता उभा रायलास, तेवढ्यानंच झालं."

ती आत गेली. आम्ही निघालो तेव्हाही बाहेर आली नाही. पुढे मी फोन केले, ती उचलायची नाही. दाजी उचलायचे आणि पावसापाण्याचं बोलायचे.

मला राग कुणाचा यावा तेच कळेना. आपली एक चाल होती, ती आता आपल्यालाच वाजवता येणार नाही, एवढं कळलं होतं. बायकोला बोललो. ती तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "मग हसा ना एकदा टीव्हीवर. लोकांचं एकदा समाधान झालं की सोडतील तुमाला."

मला ते पटलं. मी निर्मात्यांना जाऊन सांगितलं की मला एकदा हसायचं आहे. त्यांना कल्पना फारच आवडली. आठवडाभर जाहिरात चालली, 'तो हसणार का?' त्या भागात मला पायरीवरून खाली आणून मध्ये खुर्चीवर बसवलं आणि एकेक नट मला हसवायला आला. सगळे जीव तोडून करत होते. मला हसायला परवानगी होती, आणि हसू येत नव्हतं. इतकी वर्षं दाबलेलं ते वर यायलाच तयार नव्हतं. प्रेक्षक ताटकळले. दिग्दर्शकांनी शूटिंग थांबवलं, मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "नुसतं हसल्यासारखं करा." मी हसल्यासारखं केलं. टाळ्या पडल्या, वरून रंगीत कागद उडवले. इतकी वर्षं न हसलेला मी शेवटी हसलो, तेही खोटं. लोकांना तेही कळलं. मोबाइलवर त्या भागाखाली कुणीतरी लिहिलं होतं, यापेक्षा आधीचाच बरा होता. फक्त आईचा फोन आला, "आता कसा बरा दिसलास."

दिवाळीत भाऊबीजेला मी ताईकडे गेलो. ती बोलत नव्हती, पण भाऊबीज चुकवणं आम्हा दोघांनाही शक्य नव्हतं. तिने पाट मांडला, ओवाळलं. भाची पहिल्या दिवाळसणाला माहेरी आलेली होती. माझ्या ताटात करंजी वाढताना तीच बोलली.

"मामा, मी त्या दिवशी हसले ते बरंच झालं. तिकडं उतरले तवा सासू बोल्ली, ही नवरी बघा, डोळे नाय सुजलेले, हसत आली. मग मलापन भीती नाय वाटली. रडत गेले असते ना, तर त्या परक्या घरात आणखी रडले असते."

ताई चुलीकडे तोंड करून बसली होती. ती म्हणाली, "हिला काय कळतंय." थोड्या वेळाने उठली आणि माझ्या ताटात दुसरी करंजी टाकली. "खा. तिकडं मुंबईत कोण देतो तुला."

हसण्याच्या त्या भागानंतर माझं कौतुक ओसरत गेलं. जे कोडं होतं ते सुटलं होतं. पुढच्या पर्वात वाजवणारे नकोत असं ठरलं. मला बोलावून चांगल्या शब्दांत सांगितलं, चहा दिला, जाकीट ठेवून घ्या म्हणाले. पोपटाची धून त्यांनी आधीच नीट रेकॉर्ड करून ठेवली होती. आता एक माणूस बाजूला बसून बटण दाबतो. पहिल्यांदा घरी बसून तो भाग बघितला तेव्हा बायकोने विचारलं, "तुमी इथं, मग तिथं कोण वाजवतंय?" मी म्हटलं, "मीच." शेवटचा सूर बरोबर होता, मास्तरांनी सांगितला तेवढा लांब.

मी परत बँडमध्ये आलो. पहिल्या लग्नसराईत पोपटाची मागणी असायची, दुसरीत कमी झाली. पाठवणी वाजवायला लागलो, आता लोक रडतात. शूटिंगच्या दिवसांची आठवण येते ती तिथल्या लोकांची. चांगले होते, जेवायला वेळेवर बोलवायचे.

सध्या माझी गडबड वेगळीच आहे. कसाऱ्याला रेल्वेत काम करणाऱ्यांचं एक भजनी मंडळ आहे. त्यांना पेटीबरोबर सॅक्सोफोन हवा झाला. रविवारी दुपारी देवळाच्या ओट्यावर आम्ही बसतो. पेटीवाले बुवा निवृत्त सिग्नलवाले आहेत. त्यांना लय संथ लागते, इतकी की एका ओळीत माझा श्वास संपतो. मी म्हणतो, जरा पुढे घ्या. ते म्हणतात, देवाला घाई नाही. मागच्या रविवारी यावरून आमची चांगलीच जुंपली. शेवटी पखवाजवाल्याने कंटाळून स्वतःच लय धरली, मधली, आणि आम्ही दोघं तोंडं फिरवून का होईना, त्याच्यामागून वाजवायला लागलो.