नट कुठल्या बाजूनं फिरवायचे

डॉक्टरांनी पेनच्या टोकानं माझ्या पायावरची चादर उचलली. नाकाला रुमाल लावला. मागे शिकाऊ डॉक्टरांचा घोळका.

"बघा. यांना घरी पाठवलं की असं होतं. धुणं नाही, पुसणं नाही. सवयच नसते या लोकांना."

कुणीतरी हसलं.

या लोकांना. केसपेपरवर आडनाव होतंच.

चोपड्याकडे मी केळीच्या गाड्या भरायला जायची. ट्रॅक्टरची ट्रॉली पायावरून गेली. हाड जुळलं ते आखूड, वाकडं. मग जळगावला ऑपरेशन. पायाभोवती लोखंडी कड्या, हाडातून आरपार तारा. सुटी देताना एका शिकाऊ डॉक्टरानं आईच्या हातात पाना ठेवला. "रोज थोडे थोडे नट फिरवा. हाड सरळ होईल, वाढेल." कुठल्या बाजूनं, आईनं विचारलं. तो पुढच्या खाटेवर गेला होता.

आईनं फिरवले. मी दात आवळून पडायची. पाणी उकळून, गार करून ती तारांच्या जागा पुसायची. तरी पू झाला. पाऊल खाली लोंबायला लागलं. दवाखान्यात फोन केला. म्हणाले, दुखणारच. अंगात ताप भरला तेव्हा पुन्हा जळगाव.

आणि आता हे. आई खाटेपाशी हात जोडून उभी.

"आमले कोनी दखाडं नही, साहेब."

"काय म्हणते ही?" डॉक्टरांनी सिस्टरला विचारलं.

आईचे जोडलेले हात मी खाली ओढले. रडायचीही ताकद नव्हती माझ्यात. म्हणूनच आवाज शांत आला असेल.

"ती म्हणते, आम्हाला कुणी दाखवलं नाही. मीही तेच म्हणते. नट कुठल्या बाजूनं फिरवायचे होते?"

"सुटीच्या वेळी सांगितलं असेल."

"नाही सांगितलं. आता सांगा. या सगळ्यांसमोर."

डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले. घोळक्यातली एक मुलगी तेवढी मागे थांबली. तिनं पाना घेऊन दाखवलं. काही नट आम्ही उलटे फिरवत होतो.

पू आटला. पाऊल तसंच खाली झुकलेलं राहिलं, ताठ. आता पुन्हा ऑपरेशन, धुळ्याच्या दवाखान्यात. पुन्हा कड्या, पुन्हा तारा. खरं सांगते, कंटाळा आलाय. जीव नकोसा होतो. पण जाणार. या वेळी डॉक्टरांसमोर नट मी फिरवणार. ते बरोबर म्हणतील तेव्हाच खाट सोडणार. हाकललं तरी उठणार नाही.

पाय वाकडा राहिला तर राहू दे. पण माझ्या पायाबद्दल जे बोलायचं ते माझ्याशी बोलायचं. माझ्याकडे बघून.