सुनेच्या फोनवरचा लाल इशारा

ती घटना आठवली की अजूनही मला एका म्हाताऱ्याची खाली गेलेली मान दिसते. नोकरीत मी खुनाचे आरोपी पाहिले, दरोडेखोर पाहिले. पण एवढा शरमलेला माणूस माझ्या टेबलासमोर दुसरा कधी उभा राहिला नाही.

मी तेव्हा मोहर्लीकडच्या भागात ठाणेदार होतो. एका सकाळी जंगल सफारीची जिप्सी चालवणारा एक जण तक्रार घेऊन आला. त्याचं बँक खातं रिकामं झालं होतं. त्याआधी मोबाईलवर एक फाईल आली होती. सोबत मजकूर होता, ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे, हे सुरक्षा ॲप लगेच टाका.’ आणि नंबर त्याच्या ओळखीचा होता. सफारीच्या गेटवरच्याच एका गाईड बाईचा.

“आपलीच मानूस म्हणून भरोसा ठेवलो साहेब,” तो म्हणाला.

तीच फाईल गावात इतरांनाही गेली होती. बाकीच्या गाईडांनी बाईला कामाच्या पाळीतून बाजूला केलं होतं. लोक तिला चोर म्हणू लागले होते.

तिला ठाण्यात बोलावलं. नवरा तेलंगणात मिरची तोडायला गेलेला, म्हणून सोबत सासरा आला. तो बाहेर बाकावर बसला. महिला शिपायासमोर मी चौकशी सुरू केली.

“मले काईच मालूम नाई साहेब. मी काऊन पाठवीन? रोज ह्याच लोकाईसंग काम करतो आमी.”

खोटं बोलणारा माणूस न विचारलेलंही सांगत सुटतो. ही तेवढंच बोलून थांबली. पण अंदाजावर तपास चालत नाही. पंचनामा करून फोन ताब्यात घेतला आणि सायबर शाखेकडे पाठवला.

तिथल्या महिला उपनिरीक्षकांनी फोन तपासून उलगडा केला. कोणीतरी नाटकांचे व्हिडिओ दाखवणारी एक साईट उघडली होती. त्यावर व्हायरसचा खोटा इशारा आला. “सर, तोवर फोन ठीकच होता. पान बंद केलं असतं तर काही झालं नसतं. इशाऱ्याखालचं बटण दाबलं आणि ॲप टाकलं, तेव्हा खरा व्हायरस आत आला. पुढे त्या ॲपनेच सगळ्यांना फाईल पाठवली.” ॲप टाकल्याचा दिवस त्यांनी सांगितला. वेळ सकाळची होती.

मी बाईला आणि तक्रारदाराला समोरासमोर बसवलं. तो दिवस ऐकून तक्रारदारच गडबडला.

“त्या दिवशी तं माही गाडी जंगलात पंक्चर झाली होती. ही माह्याच गाडीत होती साहेब. आत फोन नेऊ देत नाई. हिचा फोन घरीच असते.”

“मग घरी कोण होतं?” मी विचारलं.

बाईने दाराकडे पाहिलं. तिचा म्हातारा सासरा तिथे येऊन उभा होता.

“मीच दाबलो,” तो म्हणाला.

मी त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही.

“नाटक पाहून राह्यलो होतो. एकदम फोनचा पडदा लाल झाला, भोंगा वाजाले लागला. लिहून होतं का तुमी घाणेरडं पाह्यलं, म्हणून व्हायरस घुसला. त्या नाटकात एक नाच होता साहेब. मले वाटलं, त्याचंच म्हणते. सुनेनं वाचलं तं काय म्हणन? खाली ‘साफ करा’ होतं, ते दाबलो. मंग जे जे विचारलं त्याले हो म्हणत गेलो.” तो थांबला. “लोक हिले चोर म्हणत होते. मी घरात बसून आयकत होतो.”

सुनेकडे पाहण्याची त्याची हिंमत झाली नाही. तिचे डोळे भरले होते. ती एवढंच म्हणाली, “मामाजी, मले सांगाचं होतं ना.”

मी म्हणालो, गेटवर शिपाई पाठवतो, तो लोकांना समजावेल. म्हाताऱ्याने नकारार्थी मान हलवली.

“तिले चारचौघात चोर म्हटलं. तं मी इथी कोपऱ्यात काऊन सांगू?”

दुसऱ्या दिवशी सफारी सुटायच्या आधी तो गेटवर उभा राहिला आणि सगळ्यांसमोर बोलला. नाचाची गोष्टही त्याने लपवली नाही. कोणी हसलं नाही. मग एक गाईड हळूच म्हणाला, “असाच लाल पडदा माह्याबी फोनवर आला होता. मी कोनाले सांगलो नाई.” त्याच्यामागून आणखी एक बोलला. तक्रारदार खाली पाहत राहिला. बाईला त्याच दिवसापासून पुन्हा कामाची पाळी मिळाली.

खरे गुन्हेगार हाती लागले नाहीत. सिमकार्डं बनावट नावांची होती, तपास परराज्यात जाऊन अडला. म्हाताऱ्याने त्यानंतर फोनला कधी हात लावला नाही, असं ती बाई मला नंतर भेटली तेव्हा म्हणाली. तिने स्वतः नाटक लावून दिलं तरी तो उठून जातो, म्हणाली.

लबाड माणूस आधी समोरच्याची लाज पकडतो, मग खिसा, हे मी त्या प्रकरणात शिकलो. पुढे गावोगावच्या बैठकीत मी विचारायचो, असा इशारा कोणाकोणाच्या फोनवर आला? एकही हात वर येत नसे. मग मी नाव न घेता त्या म्हाताऱ्याची हकीकत सांगायचो, आणि पुन्हा तेच विचारायचो. तेव्हा हात वर येत. एकमेकांकडे न पाहता, पण येत.